डाव्या भिंतीवरचा दांडा

दादा,

तू गेलास आणि तुझा जलदान विधी होऊनही आज चार दिवस झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचे पाहुणे गेले, अंगणातला मांडव सुटला आणि मी तुझ्या बाथरूममध्ये आंघोळीला गेलो. ती माझी तिथली पहिलीच आंघोळ होती. दीड वर्षापूर्वी ते बाथरूम मी उभं राहून बांधून घेतलं आणि त्यानंतर तू असेपर्यंत एकदाही घरी मुक्काम केला नाही. सकाळच्या गाडीनं पुलगावला उतरायचं, नाचणगावात येऊन दोन-तीन तास तुझ्या खाटेजवळ बसायचं आणि दिवस मावळायच्या आत वर्ध्याला परत. तू गेल्यापासून तर घरात इतकी माणसं होती की आम्ही पुरुषमंडळी बाहेर बोअरवरच उरकत होतो.

तुझी प्लास्टिकची खुर्ची तशीच होती. पाठ मागच्या भिंतीला, तोंड दाराकडे. मी बादली भरली, खुर्चीवर बसलो, निवांत पाणी घेतलं. उठायच्या वेळी गुडघ्यात कळ आली आणि माझा उजवा हात आपसूक भिंतीकडे गेला. तिथं नळ होता. धरायला दुसरं काही नव्हतं. धरायचा दांडा नळाच्या समोरच्या, म्हणजे माझ्या डाव्या हाताच्या भिंतीवर होता.

मी परत बसलो. डावा हात मांडीवर टाकला, तुझा पडलेला असायचा तसा, आणि डावा पाय सैल सोडला. आता ऊठ, असं स्वतःला म्हटलं. उठता आलं नाही. उजवा हात छातीवरून आडवा नेऊन दांड्याकडे लांबवला, तर बोटांची टोकं तेवढी लागली, कारण दांडा उंचही होता. उभ्या माणसाच्या कमरेला येईल इतका उंच. माझ्या कमरेला.

मग दांडा नीट पाहिला. त्याच्या मधोमध दुकानातून आलेला कागद अजून चिकटलेला होता. कडा थोड्या पिवळ्या पडल्या होत्या, पण अक्षरं साफ वाचता येत होती. रोज ओल्या हाताखाली गेलेल्या दांड्यावर तो कागद आठ दिवससुद्धा टिकला नसता.

ओल्या अंगानं मी बराच वेळ तिथं बसून होतो. वहिनीनं बाहेरून आवाज दिला, "काऊन रे अशोक, झोपला का आत?"

*

तुला ही गोष्ट सांगायची गरज नाही, तुझीच आहे. पण मला ती क्रमानं मांडून पाहायची आहे. वर्गात पोरांना मी सांगत असतो की गणित चुकलं तर नुसतं उत्तर खोडू नका, कोणत्या पायरीवर चुकलं ते शोधा.

तू लोकांची बाथरूमं बांधायचास तेव्हा मी कॉलेजात होतो. सुट्टीत टेप धरायला तुझ्यासोबत यायचो. आंजी गावातलं ते घर आठवतं? घरमालकानं खडूनं जागा आखून ठेवली होती, इथं भांडं बसवा, इथं नळ काढा. तू ते सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "घरात सगळ्यात म्हातारं कोण आहे?" मग त्याच्या आईला बोलावलंस. घमेलं पालथं घातलंस आणि म्हणालास, "आजी, याच्यावर बसा."

"मेल्या, मले काऊन बसवतं इथं? सगळे पाहून राह्यले."

"पाहू द्या. बसा अन् आता उठा. जसं रोज उठता तसं."

आजी हसत हसत बसली आणि उठताना तिनं हात भिंतीला लावला. तू कोळशानं तिथं खूण केलीस. पुन्हा बसवलंस, पुन्हा उठवलंस. तीन खुणा झाल्या, तिन्ही वीतभर अंतरात. त्या वीतभर जागेत तू लाकडाचा जाड खुंटा पक्का बसवलास. परत येताना मी सायकलवर मागे बसून म्हणालो, टेपनं एका मिनिटात झालं असतं. तू म्हणालास, "टेप भिंतीचं माप घेते. उठाचं माप कोण घेईन?"

मी हसलो होतो. मला तेव्हा वाटायचं, तू शिकला नाहीस म्हणून तुला टेपवर भरवसा नाही.

*

लकवा मारला तेव्हा दवाखान्यातून घरी आल्यावर तू पहिल्याच दिवशी सांगितलंस, "मले दुसरं काई नको. माही आंघोळ मी केली पाह्यजे." डावं अंग गेलेलं, जीभ जड झालेली, पण हे वाक्य तू स्पष्ट बोललास. वहिनी म्हणाली, मी आहे ना, मी घालून देईन. तू मान फिरवलीस. जन्मभर सिमेंटनं भरून आलेला माणूस तू. दिवसभराचं काम अंगावरून उतरवून, कोरडा होऊन, मगच कोणाशी बोलायचास. आंघोळ झाल्याशिवाय तू आईशीसुद्धा बोलत नव्हतास.

मी जोरात म्हणालो, "दादा, मी करतो सगळं." शाळेतून रजा काढली. सुधाकर मिस्त्रीला बोलावलं. तुझ्या हाताखाली वीस वर्षं काढलेला माणूस, त्यानं दुसरं काम बाजूला ठेवलं. तू समोरच्या खोलीत खाटेवर पडून हुकूम सोडत होतास आणि मी अंगणातून खोलीत, खोलीतून अंगणात निरोप नेत होतो.

मी आणलेल्या चकचकीत टाइल्स तू उजव्या हातानं चाचपल्यास आणि म्हणालास, "काऊन बे, मले याच्यात तोंड पाहाचं आहे का?" त्या परत गेल्या, खरबरीत आल्या. पाणी बाहेर येऊ नये म्हणून मी उंबरठा ठेवायला सांगितला होता, तर तू भडकलास. "माहा पाय उचलत नाई, अन् हा मास्तर मले उंबरठा ओलांडाले लावते. सुधाकर, ढाळ नीट दे, उंबरठ्याची गरजच नाई." फरशी बसल्यावर मला तांब्याभर पाणी टाकायला लावलंस.

"कोणीकडं जाते?"

"जाळीकडे."

"सगळं जाते का थोडं थांबते?"

"थोडं थांबतंय."

"मंग काढ थे फरशी, सुधाकर!"

सुधाकरनं काढली. दार बाहेर उघडणारं कर, माणूस आत पडला तर दार लोटून त्याच्यावरच यायला नको, हे तूच सांगितलंस. नळ उजव्या हाताला घे, हेही. ती फरशी, तो ढाळ, ते दार आजही बिनचूक आहेत. ते सगळं तुझ्या डोक्यातून आलं होतं.

राहिला दांडा. माझ्या रजेचा शेवटचा दिवस होता. सुधाकरच्या दुसऱ्या कामावर स्लॅब होता, तो आला नाही. पुलगावहून ड्रिल मशीनवाला आला. मी वर्ध्याहून आणलेला स्टीलचा दांडा पिशवीतून काढला आणि तू खाटेवरून म्हणालास, "बसवाच्या आधी मले तिथं नेऊन बसव."

मी म्हणालो, "दादा, फरशी अजून ओली आहे. तू आराम कर."

फरशी ओली नव्हती. दोन दिवस झाले होते. अंगणात आठ-दहा माणसं उभी होती, दादा. विहारातली होती, शेजारची होती, तुझ्या हाताखाली काम केलेले दोघं-तिघं होते. त्यांच्यासमोरून तुला बनियनवर, पाय ओढत, दोघांनी काखेत धरून नेऊन त्या खुर्चीवर बसवायचं आणि पुन्हा पुन्हा उठवायचं, हे मला नको वाटलं. तुला लाज वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तूच तर बसव म्हणत होतास. लाज माझी होती.

ड्रिलवाल्यानं विचारलं, कुठं? मी आत उभा राहिलो. लकवा डाव्या अंगाला आहे, तर आधार डाव्या अंगालाच हवा, असं मी म्हणालो. शेजाऱ्यांनी माना हलवल्या. बरोबर आहे मास्तर, जिकडं कमजोरी तिकडं टेका. दोन पायांवर उभ्या असलेल्या कोणालाही तसंच वाटेल. शिवाय डावी भिंत नऊ इंची होती आणि उजवी चार इंची, मशीनवाल्यालाही तेच सोयीचं. उंची मी माझ्या कमरेपाशी हात ठेवून दाखवली. दहा मिनिटांत काम झालं. मी दांड्याला दोन हातांनी लोंबकळून पाहिलं. हलला नाही. मग मोबाइलवर फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. 'मोठ्या भावासाठी छोटासा प्रयत्न.' पुष्कळ हात जोडलेले आले, फुलं आली.

त्या खुर्चीवर मी एकदा बसलो असतो तर?

*

आणखी एक गोष्ट आहे. ती तुला माहीत आहे हे मला माहीत आहे, पण आपण ती कधी बोललो नाही.

वर्ध्यात मी घर बांधलं तेव्हा फरश्या तू बसवल्यास. एका रविवारी शाळेतले एक सहकारी घर पाहायला आले. तू आत गुडघ्यावर बसून सांधे भरत होतास. त्यांनी फरशीवरून हात फिरवला. "काय सफाई आहे! मिस्त्री कुठला हो?" मी म्हणालो, "नाचणगावचा आहे." तेवढंच. खोटं काही बोललो नाही. ते पुढच्या खोलीत गेले. आतून तुझा आवाज आला, "मास्तर, थोडं पाणी देता का इकडं?"

तोवर तू मला अशोक्या म्हणायचास. त्या दिवसानंतर मास्तरच म्हणत आलास. वहिनीला वाटायचं, कौतुकानं म्हणतोस. असेलही. मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, याची भीती होती.

*

त्या आंघोळीनंतर बाहेर येऊन मी वहिनीला विचारलं. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं माझ्या, तशीच वर पाहून म्हणाली, "डोकं पूस आधी."

"वहिनी, दादा त्या दांड्याला धरून उठत होता का?"

ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "टॉवेल टाकत होते त्याच्यावर. चांगला वाळे."

मी खाली बसलो. तिनं ताट बाजूला ठेवलं.

"तू गेला अन् चौथ्या दिवशी मले म्हणे, जाय बाहेर, मी करतो. मी दारापाशीच उभी राह्यली. पाणी घेतलं, साबण लावला, सगळं झालं. उठाच्या टायमाले हात नळावर टाकला. नळ फिरला गरकन, अन् हे खाली, धपकन."

"लागलं का?"

"नाई लागलं. पण तोंड पाहाले पाह्यजे होतं त्यायचं. मी उचलून राह्यली अन् हे भिंतीकडं पाहून राह्यले. दुसऱ्या दिवसापासून मंग मीच."

"रोज?"

"रोज नाई तं काय, आठवड्यातून एकदा घालू का?"

दीड वर्ष, दादा. दर भेटीत मी विचारायचो, "दांड्याचा उपयोग होतो ना?" आणि तू म्हणायचास, "मस्त आहे. मी मरीन, पण तो दांडा नाई हलाचा." मी हसायचो. चहा प्यायचो. गाडीची वेळ झाली की उठायचो.

वहिनीला मी म्हणालो, मला एक फोन करायचा होतास. एका दिवसाचं काम होतं.

"मी म्हणलं ना! सांगते अशोकले म्हणलं. तं म्हणे, सांगशीन तं पाह्यजो. असे डोळे केले. राहू दे म्हणे, पह्यलं काम आहे त्याचं."

ते ऐकून मला वाटलं, हा टोमणा आहे. मास्तरचं पहिलं काम, म्हणून काय बोलणार. परक्या माणसानं आणलेली मिठाई आवडली नाही तरी आपण छान आहे म्हणतो, तसं. सुधाकरला तू सुतभर चुकीसाठी फरशी काढायला लावायचास. माझ्या अख्ख्या चुकीला मस्त म्हणालास. म्हणजे मी तुझ्यासाठी पाहुणाच झालो होतो. त्या एका 'नाचणगावचा आहे'नं मी तुझा पाहुणा झालो होतो.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं असावं. ती हळू आवाजात पुढे बोलत राहिली. "तू इतलं मनाले लावून नको घेऊ. एक सांगू का? जन्मभर हा माणूस माह्याशी बोलला नाई. सकाळी डबा घेऊन जाये, संध्याकाळी हाडं मोडून येये. पण आंघोळीच्या टायमाले बोलत. आधी नुसत्या शिव्या. पाणी लय गरम आहे, कोंबडी सोलतं का मले? मंग हळूहळू बोलत. कामाच्या गोष्टी, त्यायच्या मायच्या. तू सिमेंटच्या पोत्यात लपत होता थे. मी विचारो, हे मले तीस वर्षं काऊन नाई सांगतलं? तं म्हणे, तू विचारलं कवा?"

ती हसली आणि पदरानं डोळे पुसले. पुन्हा ताट मांडीवर घेतलं.

मला बरं वाटावं म्हणून ती हे सांगत नव्हती, दादा. तिला ते खरंच मिळालं होतं. मी ते तिच्याकडून काढून घेणार नाही. पण त्याचं श्रेय माझ्या चुकीला द्यायला मन तयार होत नाही. तुला एकट्यानं आंघोळ करायची होती. एवढंच मागितलं होतंस आणि ते मिळण्यासारखं होतं. चालता येणं आमच्या हातात नव्हतं, बोट हलणं डॉक्टरच्याही हातात नव्हतं. हे होतं. तू झोपेत गेलास, दुसऱ्या झटक्यानं. डॉक्टर म्हणाले, याचा कशाशी संबंध नाही. मरणाचा हिशेब मी मांडत नाहीये. तू जगत होतास तेव्हाच्या सकाळी मोजतोय.

*

संध्याकाळी सुधाकर आला. तू गेल्यापासून रोज येतो. येतो, अंगणात बसतो, चहा पितो, जातो. मी त्याला बाथरूममध्ये नेलं आणि दांडा दाखवला. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"हे कोणं केलं?"

"मी."

"उस्ताद काई बोलले नाई?"

"वहिनीला म्हणाला, राहू दे, पहिलं काम आहे त्याचं."

सुधाकर बाहेर आला आणि मागच्या अंगणातल्या कपडे धुवायच्या ओट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा ओटा माह्या हातचा आहे. माहीत आहे तुमाले?"

स्वयंपाकघरातून वहिनीच आधी बोलली. "माहीत नसन तं सांगते. पाणी नालीकडं जावं का नाई? तं ते येते घराकडं! वीस वर्षं झाले, झाडूनं लोटून राह्यली मी."

"वहिनी, आज तरी नका काढू."

"काऊन नको? आज काय ढाळ सुधारला का त्याचा?"

सुधाकर हसला, पण डोळे भरलेले होते. "मास्तर, उस्तादचा कायदा होता. नव्या माणसाचं पह्यलं काम फोडाचं नाई. वाकडं असो, तिरपं असो, तसंच राहू द्याचं. पह्यलंच फोडलं तं त्याचा हात मरते, म्हणत. मी सांगून राह्यलो उस्ताद, हा ओटा तोडतो, नवा करून देतो. नाई म्हणजे नाई. पण दुसरं काम? दुसऱ्या कामाले सुतभर चुकलो तं पोरासारखं हाणे मले. आमची सगळ्याची पह्यली कामं अशीच उभी आहेत गावात."

मला हा कायदा माहीत नव्हता. टेप धरायला मी तुझ्यासोबत फिरलो, पण थापी कधी हातात घेतली नाही, म्हणून तुला तो मला कधी सांगावाच लागला नाही. माझ्या बावन्नाव्या वर्षी, मला न कळता, तू मला हाताखाली घेतलं होतंस.

सुधाकर गेल्यावर मी अंगणात एकटा बसलो होतो आणि तुझ्याशी भांडत होतो. आताही भांडतोय. तुझा कायदा ओट्याला ठीक आहे, दादा. ओट्यावरचं पाणी झाडूनं लोटता येतं. हा तुझ्या अंगाचा प्रश्न होता. एका शिकाऊ माणसाचा हात मरू नये म्हणून तू स्वतःचा जिता हात दीड वर्ष रिकामा ठेवलास? हे चूक आहे. कोणत्याही मिस्त्रीला विचार, चूक आहे. तू मला हाणायला हवं होतंस. फोन करून म्हणायचं होतंस, अशोक्या, गाढवा, हे काय लावून गेला? मी त्याच रात्रीच्या गाडीनं आलो असतो. निदान मला तसं वाटतं.

तू यावर काय म्हणाला असतास ते मला ठाऊक नाही. म्हणून भांडण माझ्याकडूनच चालू आहे आणि ते बहुतेक असंच अर्धं राहणार. पण त्या भांडणात एक गोष्ट माझ्या वाट्याला आली आहे, ती मी नाकारत नाही. त्या रविवारी मी तुला भाऊ म्हणालो नव्हतो. आणि तू, तुझ्या अंगावर बेतलं तरी, मला तुझ्या माणसांतला एक धरलंस. यासाठी आभार मानायचे तर कोणत्या तोंडानं मानू?

*

काल आम्ही तो दांडा काढला. वहिनीचे गुडघे गेलेत, तुला उचलून उचलून आणखी गेलेत, आणि आता या घरात तीच राहणार आहे. ती वर्ध्याला यायला तयार नाही. तुमच्या घरी चपला कुठं काढायच्या ते मले कळत नाई, म्हणते.

सुधाकरनं उजवी भिंत ठोकून पाहिली. चार इंची भिंतीत नुसते स्क्रू धरणार नाहीत, आरपार बोल्ट टाकायचे आणि बाहेरून लोखंडी पट्टी द्यायची, असं त्यानं ठरवलं. वहिनीला खुर्चीवर बसवलं. साडी खोचून ती बसली, आणि मी दांडा हातानं भिंतीशी धरून उभा राहिलो. तिनं ओढून पाहायचं.

"लय वर आहे."

खाली घेतला.

"आता लय खाली. मले उठाचं आहे का लोळाचं आहे?"

पुन्हा वर घेतला. थोडा तिरपा केला. तिनं धरला, उठली, बसली, पुन्हा उठली. "हं," म्हणाली. मी पेन्सिलनं खूण केली आणि पहिलं भोक मीच पाडलं. सुधाकरनं मशीन माझ्या हातात दिलं होतं. भोक दोन बोटं पुढे गेलं. दांडा लावून पाहिला तर वहिनीचा हात नळावर आपटत होता. मी म्हणालो, एवढं चालेल का?

वहिनीनं सुधाकरकडे पाहिलं आणि सुधाकरनं माझ्याकडे.

"नाई चालत," वहिनी म्हणाली. "काढ."

मी काढला. सुधाकर म्हणाला, "मास्तर, हे दुसरं काम आहे तुमचं. आता सूट नाई." टाइल फुटली, ती बदलली. दुपारभर लागलं. हाताला फोड आले. शेवटी वहिनीनं धरून दहा वेळा उठून-बसून दाखवलं आणि वैतागून म्हणाली, "झालं आता, मी काय सर्कशीतली आहे का?"

आज सकाळी तिनं चुलीवर पाणी तापवलं. बादली मी आत नेऊन ठेवली. ती आत गेली, दार ओढून घेतलं. मी बाहेर भिंतीपाशी थांबलो. काही लागलं तर हाक मारेल, सरकली तर आवाज येईल, म्हणून कान देऊन उभा होतो. तांब्याचा आवाज आला, पाणी पडल्याचा आला, मग काही वेळ काहीच नाही. मग खुर्ची करकरली. ती उठत होती.

"अशोक!"

"काय झालं?"

"काई नाई झालं. तू दारात उभा राह्यला का?"

"हो."

"काऊन? मी काय लहान लेकरू आहे? जाय तिकडं. माणसाले निवांत आंघोळ करू देत नाई."

दादा, मी गेलो.